साइज ५४ सगळीकडे, आकडे मात्र वेगवेगळे : फ्रेम नेमकी कुठून कुठे मोजायची?

निवांत_पॅडल

रोड सायकलची वापरलेली फ्रेम आहे, अ‍ॅल्युमिनियमची, फोर्क कार्बनचा. टॉप ट्यूब (वरची आडवी नळी) मागच्या बाजूला किंचित उतरती. साइजचं स्टिकर निघून गेलंय, पण मॉडेल नक्की माहीत आहे आणि त्याचा जॉमेट्री तक्ता (फ्रेमच्या मापांचा आणि कोनांचा) मिळालाय. तक्त्यातल्या ५४ शी मापं ताडून बघितली तर निम्मी जुळतात, निम्मी नाहीत. सगळे आकडे मिमीमध्ये.

तक्त्यात : सीट ट्यूब (सीटखालची उभी नळी) ५२०, इफेक्टिव्ह टॉप ट्यूब ५५१, हेड ट्यूब (फोर्क जिच्यात फिरतो ती पुढची नळी) १५५, हेड अँगल ७३, सीट अँगल ७३.५, चेनस्टे (बीबीपासून मागच्या अक्षापर्यंतची नळी; बीबी म्हणजे बॉटम ब्रॅकेट, पॅडलचे दांडे म्हणजे क्रँक जिथे फिरतात ती जागा) ४१०, बीबी ड्रॉप (चाकांच्या अक्षांच्या रेषेपेक्षा बीबी किती खाली) ७०, फोर्क ऑफसेट (स्टीअरिंगच्या अक्षापेक्षा पुढच्या चाकाचा अक्ष किती पुढे) ४५, व्हीलबेस (दोन चाकांच्या अक्षांमधलं अंतर) ९८६, स्टॅक ५६०, रीच ३८५.

मोजल्यावर : सीट ट्यूब ५२४, टॉप ट्यूब ५३८, चेनस्टे ४१०, व्हीलबेस ९८५, बीबीची जमिनीपासून उंची २६९. मोबाइल फरशीवर शून्य करून हेड ट्यूबच्या पुढच्या बाजूला टेकवला तर ७१.२ अंश, सीट ट्यूबवर ७३.४. स्टॅक आणि रीच क्रॉस-लाइन लेसर लावून दोनदा घेतले. पहिल्यांदा ५६५ आणि ३७८, दुसऱ्यांदा ५५५ आणि ३९२. दोन्ही चाकांना २८ चे टायर, हवा सारखी.

फ्रेम ५४ आहे की नाही? रीचमध्ये १४ मिमीचा फरक कुठून येतो? हेड अँगल जवळजवळ दोन अंशांनी कमी म्हणजे फ्रेम वाकलीय का? आणि इतर दोन कंपन्यांच्या तक्त्यांत ५४ ची सीट ट्यूब एकीकडे ५४०, दुसरीकडे ४९० दिलीय, ते कसं काय?

---

स्पोककी

रीचचं आधी, कारण उत्तर तुमच्याच आकड्यांत आहे.

बीबीच्या मध्यापासून हेड ट्यूबच्या वरच्या तोंडाच्या मध्यापर्यंतचं उभं अंतर म्हणजे स्टॅक, आडवं अंतर म्हणजे रीच. या काटकोन त्रिकोणाच्या काटकोनालगतच्या दोन बाजू झाल्या. कर्ण काढून बघा. ५६५ आणि ३७८ चा कर्ण ६७९.८. ५५५ आणि ३९२ चा ६७९.५. तक्त्यातल्या ५६० आणि ३८५ चा ६७९.६. तिन्ही एकच. म्हणजे बीबी आणि हेड ट्यूब यांच्यातलं खरं अंतर तक्त्याप्रमाणेच आहे, फक्त मोजताना फ्रेम पुढे-मागे कललेली होती. कर्णाला कलण्याचा काही फरक पडत नाही, स्टॅक-रीचला पडतो.

किती कललेली? तुमच्या दोन वाचनांत १.४५ अंशांचा फरक निघतो आणि तक्ता बरोब्बर दोन्हींच्या मध्ये बसतो. माझा अंदाज : दोन्ही वेळा जागा एकच होती, पण दुसऱ्यांदा सायकल उलट तोंडाने उभी होती. पाणी वाहून जावं म्हणून फरशीला पाऊण अंशाचा उतार सहज असतो. लेसर गुरुत्वाकर्षण धरून रेष मारतो, सायकल मात्र फरशी धरून उभी राहते. पुढचं चाक चढाला असेल तर हेड ट्यूब मागे झुकते, रीच घटतो, स्टॅक वाढतो. उताराला असेल तर उलट. या साइजच्या फ्रेमला एक अंश कल म्हणजे रीचमध्ये जवळपास १० मिमीची चूक, म्हणजे जवळजवळ पुढच्या साइजइतकी. ‘नजरेने सरळ दिसतेय’ हे इथे चालत नाही.

उपाय : फरशी सोडा, दोन्ही चाकांचे अक्ष एका पातळीत आणा. लेसरची आडवी रेष मागच्या अ‍ॅक्सलच्या मध्यावर धरा आणि ती पुढच्या अ‍ॅक्सलच्या मध्यावर पडेपर्यंत सखल बाजूच्या चाकाखाली पुठ्ठा किंवा प्लायचे तुकडे सरकवा. तुमच्या व्हीलबेसला १७ मिमी म्हणजे एक अंश, त्यामुळे २-३ मिमीची पट्टीसुद्धा दिसून येते. लेसर नसेल तर पारदर्शक नळीत पाणी भरून गवंड्यांसारखी पातळी काढा, तितकीच अचूक. या पद्धतीत आणखी एक फायदा आहे. पुढे-मागे वेगळ्या जाडीचे टायर असले किंवा एकात हवा कमी असली तरी ती चूक आपोआप निघून जाते, कारण तक्ता अक्षांची रेष आडवी धरूनच काढलेला असतो.

मग असं करा :

१. हँडल सरळ ठेवा आणि सायकल बाजूला कलू देऊ नका. बाजूचा कल पुढच्या-मागच्या कलाइतका महाग नाही. ५ अंश कललं तरी स्टॅकमध्ये २ मिमीच जातात. तरी ओळंबा लावून सीट ट्यूब उभी करा.

२. लेसरची उभी रेष बीबीच्या मध्यातून जाऊ द्या. क्रँक बसवलेली असेल तर स्पिंडलचा (क्रँकच्या अक्षाचा) मध्य. रिकामं शेल (बीबी बसते ती आडवी नळी) असेल तर पुढच्या आणि मागच्या कडेपर्यंतचं अंतर घेऊन सरासरी काढा.

३. त्या रेषेपासून हेड ट्यूबच्या वरच्या कडेच्या मध्यापर्यंतचं आडवं अंतर घ्या. कड फ्रेमची धरायची, हेडसेटच्या (हेड ट्यूबमधल्या बेअरिंगच्या) झाकणाची नाही. इंटिग्रेटेड हेडसेटमध्ये झाकण फ्रेमला इतकं चिकटून बसतं की तेच फ्रेमचं टोक वाटतं. १५ मिमीचं झाकण धरलंत तर स्टॅक १४ ने वाढतो, रीच ४ ने घटतो.

४. स्टॅकसाठी आडवी रेष आधी बीबीच्या मध्यावर, मग हेड ट्यूबच्या कडेवर. दोन उंचींची वजाबाकी करा. उंची दोन्ही वेळा एकाच जागी उभ्या केलेल्या पट्टीवर वाचा. जमिनीपासून दोन वेगळ्या ठिकाणी मोजलंत तर फरशीचा उतार परत आत शिरतो.

५. शेवटी कर्ण ६८० च्या आसपास येतोय का बघा. येत नसेल तर वरच्यापैकी काहीतरी चुकलं.

---

सेंटर_टू_सेंटर

सीट ट्यूब आणि ‘५४’ या आकड्याबद्दल.

टॉप ट्यूब जमिनीला समांतर असायची तोवर सीट ट्यूबची लांबी हीच साइज होती, आणि ते ठीकही होतं. आडव्या टॉप ट्यूबमुळे सीट ट्यूब कळली की हेड ट्यूब किती उंच ते आपोआप कळायचं. तेव्हासुद्धा दोन रीती होत्याच. काही जण बीबीच्या मध्यापासून टॉप ट्यूबच्या मध्यरेषेपर्यंत मोजायचे, काही जण सीट ट्यूबच्या वरच्या टोकापर्यंत. एकाच फ्रेमचे या दोन रीतींनी दीड-दोन सेंटीमीटर वेगळे आकडे येतात. जुन्या स्टीलच्या फ्रेमवर ५४ लिहिलं असेल तर कोणत्या रीतीने ते आधी विचारा.

मग १९९० च्या दशकाच्या उत्तरार्धात जायंट कंपनीच्या टीसीआर या सायकलमधून डिझायनर माइक बरोज यांनी उतरत्या टॉप ट्यूबची कॉम्पॅक्ट फ्रेम रोडवर आणली, आणि सीट ट्यूबचा साइजशी संबंध तुटला. टॉप ट्यूब जितकी उतरती तितकी सीट ट्यूब आखूड, बसण्याची जागा मात्र तीच. आज ५४ हे नुसतं नाव आहे. एखादी कंपनी जुन्या आडव्या फ्रेमच्या हिशोबाने ५४ म्हणते, दुसरी टॉप ट्यूबच्या लांबीवरून. म्हणून ५४०, ५२० आणि ४९० हे तिन्ही खरे ५४ असू शकतात. स्टॅक आणि रीच हे माप त्यासाठीच रुजलं. ट्रायथलॉनच्या सायकली बनवणारे डॅन एम्पफील्ड यांनी त्याचा पाठपुरावा केला, नंतर रोडच्या कंपन्यांनी ते उचललं.

सीट ट्यूबची लांबी आता दोनच कामांची : सीटपोस्ट (सीट धरणारी दांडी) किती बाहेर राहील, आणि पुरेसा आत जाईल का.

तुमचे ५२४ कसे आले तेही सांगतो. टेपचं टोक क्रँकच्या बोल्टवर ठेवलं असणार. बोल्ट फ्रेमच्या मधल्या प्रतलापासून साधारण ६५ मिमी बाहेर असतो, सीट ट्यूबचं टोक मात्र मधोमध. टेप तिरकी जाते. ५२० आणि ६५ चा कर्ण काढा, ५२४ येतो. चेनस्टेला ही चूक लागली नाही, कारण बोल्ट आणि मागच्या अ‍ॅक्सलचं टोक दोन्ही जवळपास सारखेच बाहेर आहेत, टेप समांतर राहिली.

टॉप ट्यूब ५३८ ही नळीच्या अंगाने घेतलेली लांबी आहे. तक्त्यातलं ५५१ म्हणजे इफेक्टिव्ह, आणि ते नळीवर कुठेच नाही. हेड ट्यूबच्या वरच्या तोंडाच्या मध्यापासून मागे एक आडवी रेष ओढा. ती सीट ट्यूबच्या वाढवलेल्या मध्यरेषेला, म्हणजे सीटपोस्टला, जिथे छेदते तिथपर्यंतचं अंतर. सीटपोस्ट बसवलेला असेल तर लेसरच्या आडव्या रेषेत एक मिनिटाचं काम. टेप पोस्टच्या मध्यावर वाचा, पुढच्या कडेवर नाही. २७.२ च्या पोस्टला तिथेच १३-१४ मिमी हरवतात.

न मोजताही निघतं :

इफेक्टिव्ह टॉप ट्यूब = रीच + स्टॅक ÷ सीट अँगलचा टॅन

५६० ला ३.३७६ ने भागा, १६६ येतात. त्यात ३८५ मिळवले की ५५१. तक्ता स्वतःशी सुसंगत आहे.

याच सूत्रामुळे फक्त टॉप ट्यूब बघून फ्रेम घेणं धोक्याचं ठरतं. सीट अँगल ७३.५ ऐवजी ७४.५ केला आणि स्टॅक-रीच तसेच ठेवले, तर इफेक्टिव्ह टॉप ट्यूब ५४० होते. तक्त्यात फ्रेम एक साइज लहान झाल्यासारखी दिसते. उभं राहून पॅडल मारताना तिची लांबी तेवढीच आहे. बदलली ती फक्त सीट, आणि सीट तिच्या खालच्या रेल्सवर मागे सरकवता येते.

---

हेडसेट_हरी

फ्रेम वाकलेली नाही, निदान त्या ७१.२ वरून तरी तसं म्हणता येणार नाही. हेड ट्यूब टेपर्ड (खाली रुंद होत जाणारी) आहे ना? वर सव्वा इंचाच्या आतला स्टीअरर (फोर्कची हेड ट्यूबमधून वर येणारी नळी), खाली दीड इंची. बाहेरून खालचा व्यास वरच्यापेक्षा १० मिमी मोठा धरला तर पुढची कड १५५ मिमीत ५ मिमी पुढे येते. म्हणजे १.८ ते १.९ अंश. ७३ मधून तेवढे वजा करा, ७१.१ च्या आसपास येतं. मोबाइलने नळीचा पृष्ठभाग अगदी बरोबर मोजला. तुम्हाला हवा आहे अक्ष.

अक्षाचा कोन हवा असेल तर स्टेम (हँडल धरणारा तुकडा) आणि त्याखालचे स्पेसर (कड्या) काढून उघड्या स्टीअररला सरळ पट्टी लावा, पट्टीवर कोनमापक. हेडसेट ढिला पडतो म्हणून स्टीअरर डगमगू देऊ नका. पण उघडा भाग जेमतेम ५० मिमीचा असतो आणि त्यावर अर्धा मिमी चुकला तरी अर्ध्या अंशाहून जास्त फरक पडतो. मोबाइल थेट टेकवणार असाल तर कॅमेऱ्याचा उंचवटा मध्ये येत नाही ना तेही बघा.

मला त्यापेक्षा उलटा हिशोब जास्त भरवशाचा वाटतो, कारण लांबी मोजणं कोन मोजण्यापेक्षा सोपं आहे. बीबीपासून पुढच्या अक्षापर्यंतचं आडवं अंतर, म्हणजे फ्रंट सेंटर :

फ्रंट सेंटर = रीच + (स्टॅक − ड्रॉप) ÷ टॅन + ऑफसेट ÷ साइन

टॅन आणि साइन दोन्ही हेड अँगलचे. ७३ अंश धरून : ३८५ + ४९० ÷ ३.२७१ + ४५ ÷ ०.९५६ = ३८५ + १५० + ४७ = ५८२.

मागचा भाग : चेनस्टे ४१०, पण ती तिरकी आहे. तिचं आडवं अंतर म्हणजे ४१० च्या वर्गातून ७० चा वर्ग वजा करून वर्गमूळ, ४०४. बेरीज ९८६, तक्त्यातला व्हीलबेस. तुमचा आला ९८५, म्हणजे टेपच्या चुकीच्या आतच. हेड अँगल खरोखर ७१.२ असता तर व्हीलबेस १००३ यायला हवा होता. इथेच विषय मिटला. एका अंशाला साडेनऊ-दहा मिमी असा हिशोब लक्षात ठेवा.

बीबीची २६९ ही उंचीही बरोबर आहे. रिम ६२२, टायर २८, त्रिज्या ३३९, त्यातून ड्रॉप ७० गेला की २६९. बीबीची उंची टायरप्रमाणे बदलते, ड्रॉप बदलत नाही. म्हणून तक्त्यात ड्रॉप असतो.

या सगळ्यात एक आकडा आपण तक्त्यावर विश्वास ठेवून धरलाय : ऑफसेट. फोर्क बदललेला असला तर? तो तपासायची एक सुंदर रीत आहे, आणि तिला कोन लागतच नाही. फ्रेम स्टँडमध्ये घट्ट धरा, पुढचं चाक काढा, फोर्कमध्ये नुसता अ‍ॅक्सल बसवा. ब्रेकची केबल किंवा होज ताणला जाणार नाही एवढा मोकळा करा. अ‍ॅक्सलच्या टोकाला लागून एक कडक पुठ्ठा उभा बांधा आणि अ‍ॅक्सलच्या मध्याची खूण करा. आता फोर्क पूर्ण १८० अंश फिरवा, पुन्हा खूण करा. दोन खुणांतलं सरळ अंतर म्हणजे ऑफसेटच्या दुप्पट. ९० आलं तर ४५. मधल्या वेळात फ्रेम जराही हलली तर मात्र पुन्हा पहिल्यापासून.

ऑफसेट एवढा का महत्त्वाचा, तर ट्रेलसाठी. स्टीअरिंगचा अक्ष खाली वाढवला तर जमिनीला जिथे लागतो, तिथपासून टायर टेकतो त्या बिंदूपर्यंतचं अंतर म्हणजे ट्रेल. टायर त्या बिंदूच्या मागे असतो, म्हणून चालत्या सायकलचं पुढचं चाक सरळ राहू बघतं.

ट्रेल = (चाकाची त्रिज्या × कोसाइन − ऑफसेट) ÷ साइन

तुमच्या आकड्यांनी : ३३९ × ०.२९२ = ९९. त्यातून ४५ गेले, ५४. भागिले ०.९५६, साडेछप्पन. २५ चा टायर घातला तर साडेपंचावन्न, म्हणजे टायरने फारसं काही होत नाही. हेड अँगल ७२ केला की मात्र थेट ६२-६३. ऑफसेट वाढला की ट्रेल कमी होतो. हे पुष्कळांना उलटं वाटतं आणि ते जास्त ऑफसेटचा फोर्क ‘सायकल स्थिर होईल’ म्हणून बसवतात.

अजून एक. खाली नळीच्या आत बसणाऱ्या कपाऐवजी बाहेर बसणारा कप लावला, किंवा फोर्क १२ मिमीने उंच घेतला, तर पुढचा भाग तेवढा उचलला जातो. हेड आणि सीट दोन्ही अँगल पाऊण अंशाने कमी होतात, रीचही ६-७ मिमी जातो. तक्ता फक्त मूळ फोर्कसाठी खरा असतो.

---

दगडधोंडे

माउंटन बाइकवाले हा धागा वाचत असतील तर सीट अँगलचं वरचं सूत्र डोळे मिटून वापरू नका. बऱ्याच फुल सस्पेन्शन फ्रेममध्ये सीट ट्यूब बीबीतून निघतच नाही, पुढे सरकलेली किंवा मध्येच वाकवलेली असते. अशा फ्रेमचे दोन सीट अँगल असतात. नळीचा प्रत्यक्ष कोन एक. दुसरा इफेक्टिव्ह, म्हणजे बीबीच्या मध्यापासून सीटपोस्टवरच्या एका ठरावीक बिंदूपर्यंत ओढलेल्या रेषेचा. तो बिंदू पुष्कळदा स्टॅकच्या उंचीला धरलेला असतो, तुमच्या सीटच्या उंचीला नाही.

उदाहरण घ्या. प्रत्यक्ष कोन ६८, स्टॅक ६२०, त्या उंचीला इफेक्टिव्ह ७६. म्हणजे तिथे सीटपोस्ट बीबीच्या १५५ मिमी मागे. उंच माणसाची सीट त्याहून १२० मिमी वर गेली तर पोस्ट ६८ अंशांत मागे पळतो, आणखी ४८-४९ मिमी. नवा कोन ७४.७. तक्त्यात ७६ वाचून घेतलेली सायकल चढावर पुढून उचलतेय अशी तक्रार असते ती यामुळे. तक्त्यात ‘सीट अँगल अमुक उंचीला’ असं लिहिलं असेल तर ती उंची आपल्या उंचीशी जुळवून बघा.

दुसरं, सॅग, म्हणजे बसल्यावर वजनाने सस्पेन्शन दबणं. तक्ते बहुतेक सस्पेन्शन न दबलेल्या स्थितीचे असतात. हार्डटेलवर (मागे सस्पेन्शन नसलेल्या सायकलवर) फक्त पुढचं दबतं. १२० मिमी दबू शकणारा फोर्क २० टक्के दबला म्हणजे अक्षाच्या दिशेने २४, उभा २२ मिमी. व्हीलबेस ११८० असेल तर दोन्ही कोन एका अंशाने उभे होतात आणि रीच वाढतो. फुल सस्पेन्शनवर मागचं सहसा जास्त बसतं, तिथे कोन उलट कमी होतात. हार्डटेल आणि फुल सस्पेन्शनचे हेड अँगल शेजारी ठेवून तुलना करण्यात म्हणूनच अर्थ नाही. घरी मोजताना मागच्या शॉकमध्ये पूर्ण हवा भरा, कोणी बसू नका, आणि फोर्क आधी एकदा वर ओढून पूर्ण उघडलाय याची खात्री करा. कोरड्या सीलवर तो ५-७ मिमी दबलेलाच अडकून राहतो.

---

निवांत_पॅडल

स्पोककी, अंदाज बरोबर निघाला. जागा एकच होती, दुसऱ्यांदा सायकल फिरवून लावली होती. पुढच्या चाकाखाली १२ मिमीचा प्लाय गेला तेव्हा अक्ष पातळीत आले. आता स्टॅक ५६०, रीच ३८४. कर्ण ६७९. फोर्क फिरवून दोन खुणांत ९० मिमी. इफेक्टिव्ह टॉप ट्यूब ५५०.

दोन गोष्टी राहिल्या. मागचा त्रिकोण सरळ आहे का ते कसं बघायचं? आणि तुलनेला दुसरी फ्रेम आहे, तिचा स्टॅक ५७५, रीच ३७८, हेड अँगल तोच. ती ७ मिमी आखूड समजायची का?

---

सेंटर_टू_सेंटर

मागच्या त्रिकोणासाठी न ताणणारा दोरा. चाक काढा, दोऱ्याचं एक टोक डाव्या ड्रॉपआउटला (मागचं चाक जिथे बसतं त्या खाचेला) बांधा, हेड ट्यूबला पुढून वळसा देऊन उजव्या ड्रॉपआउटपर्यंत आणा आणि ताणून बांधा. दोन्ही बाजूंना बांधण्याची जागा अगदी तीच हवी. आता सीट ट्यूबपाशी दोरा आणि नळी यांतलं अंतर डावीकडे-उजवीकडे कॅलिपरने घ्या. एखादा मिमी फरक चालतो. २ मिमी फरक दिसला तर तिथे मध्यरेषा १ मिमी सरकलीय, आणि ड्रॉपआउटपाशी त्याहून जास्त, कारण ते हेड ट्यूबपासून आणखी लांब आहेत. डाउन ट्यूबवरची (हेड ट्यूबपासून बीबीकडे येणाऱ्या नळीवरची) बाटलीची खुंटी, केबलचा थांबा असं काही दोऱ्याला लागत नाही ना ते बघा, नाहीतर चांगल्या फ्रेमवर नाहक आळ येतो.

स्टीलची फ्रेम असती तर थोडी वाकवून सरळ करता येते. अ‍ॅल्युमिनियमवर ते करू नका. मोजमापाबरोबर बोटाने चाचपणीही करा : हेड ट्यूबच्या मागे, डाउन ट्यूबच्या खालच्या अंगाला बोट फिरवा. समोरून ठोकर बसलेल्या फ्रेमला तिथे सुरकुतीसारखी लाट लागते किंवा रंगाला आडवी चीर असते. अशा फ्रेमचा व्हीलबेस चेनस्टे बरोबर असूनही आखूड निघतो. तुमचा तसा नाही, पण हात फिरवायला काही लागत नाही. व्हीलबेस मात्र दोन्ही बाजूंनी घ्या, एकाच बाजूचा नको.

---

स्पोककी

७ मिमी नाही, अडीच.

रीचची तुलना स्टॅक सारखा असेल तरच करायची. हेड ट्यूब मागे कललेली असते, त्यामुळे वर जाल तसे मागेही जाता. ७३ अंशांवर १० मिमीचा स्पेसर हँडल ९.६ मिमी वर आणि २.९ मिमी मागे नेतो. तुमची फ्रेम ५७५ पर्यंत आणायला १५.७ मिमी स्पेसर लागतील, त्यात रीच ४.६ ने घटून ३८०.४ होईल. समोर ३७८. म्हणजे खरा फरक २.४ मिमी, आणि तोसुद्धा तुम्हाला हँडल तेवढं उंच हवं असेल तरच. हँडल खाली हवं असेल तर दुसऱ्या फ्रेमवर स्पेसर शून्य करूनही ते तिथे उतरणार नाही. अशा वेळी पहिला निकष स्टॅक, रीच नंतर, कारण रीच स्टेम बदलून सावरता येतो.

फ्रेम सोडून थेट हँडलपर्यंत हिशोब करायचा तर हे सगळं धरा : हेडसेटचं झाकण, स्पेसर, स्टेमच्या उंचीचा निम्मा भाग, आणि मग स्टेम. तुमच्या फ्रेमवर १५ चं झाकण, २० चे स्पेसर, ४० उंचीचा स्टेम, म्हणजे अक्षावर एकूण ५५. त्याने ५२.६ वर, १६ मागे. स्टेम १०० चा, उणे ६ अंशांचा. ७३ च्या हेड अँगलवर काटकोनातला स्टेम जमिनीशी १७ अंश वर जातो, त्यातून ६ गेले, ११ उरले. म्हणून ९८ पुढे, १९ वर. हँडलच्या नळीचा मध्य बीबीपासून ४६७ पुढे आणि ६३२ वर. दोन्ही फ्रेमसाठी हे दोनच आकडे काढा आणि ते एकमेकांशी ताडा. ड्रॉप हँडलचा स्वतःचा रीच वेगळा असतो, दोन्हीकडे तेच हँडल लावणार नसाल तर तोही मिळवा.

सीटची जागा वेगळी मोजायची. बीबीतून ओळंबा धरा आणि सीटचं टोक त्याच्या किती मागे आहे ते बघा. सीट अँगल एका अंशाने बदलला की ७३० उंचीवर सीट १२ मिमी सरकते. रेल्सवर तेवढी जागा शिल्लक आहे का, ते दुसरी फ्रेम ठरवण्याआधी तपासा. नसेल तर सेटबॅक (पोस्टपासून सीट किती मागे बसते ते अंतर) जास्त किंवा कमी असलेला सीटपोस्ट लागेल.